ठाणे-नवी मुंबईच्या हवेत गच्चीवरचं ग्रीनहाऊस : उभारणी आणि निगा

ग्रीनहाऊस म्हटलं की डोळ्यांसमोर चारी बाजूंनी बंद असलेलं काचेचं घर येतं. ते थंड प्रदेशांसाठी आहे. तिथे बाहेर बर्फ पडतो आणि आत ऊब धरून ठेवायची असते. ठाण्यात जानेवारीतल्या पहाटे पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरला तरी आपल्या भाज्यांना त्याचा काही त्रास नाही, उलट टोमॅटो आणि पालक तेव्हाच खुशीत असतात. आपल्याकडे गच्चीवरची झाडं हातची जातात ती तीन कारणांनी. मार्च ते मेमधलं ऊन, जूनपासून चार महिने कोसळणारा पाऊस आणि उंचावरचा वारा. म्हणून आपल्या ग्रीनहाऊसचं काम ऊब धरण्याचं नाही. ऊन चाळायचं, पाऊस अडवायचा आणि हवा मात्र सतत खेळती ठेवायची, एवढंच ते काम. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावून घट्ट बंद केलेली तयार झिपवाली घरं ऑनलाइन मिळतात. नवख्या माणसाचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो, म्हणून स्पष्ट सांगतो : ती घेऊ नका. एप्रिलच्या दुपारी बंद प्लॅस्टिकच्या आत बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंश सहज जास्त तापतं. रोपं त्यात उकडून निघतात. आणि पहिल्या वादळी वाऱ्यात तो हलका सांगाडा कठड्यावरून खाली गेला तर खाली माणसं असतात.

आधी जागा, मग परवानगी, मग वजन

कामाला लागायला उत्तम काळ दिवाळीनंतरचा. पाऊस संपलेला असतो, फॅब्रिकेटर मोकळे असतात आणि उन्हाळ्याआधी सांगाडा उभा करून त्यातल्या त्रुटी बघायला वेळ मिळतो.

जागा ठरवण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन ऊन कुठे पडतं ते बघा. ठाण्याचं अक्षांश साधारण १९.२ अंश उत्तर. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी शेवटी सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. डिसेंबरात तोच दक्षिणेकडे इतका कलतो की दुपारीही जेमतेम ४७ अंशांवर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात सावली लागते ती छपराला, आणि हिवाळ्यात ऊन हवं असेल तर दक्षिणेची बाजू मोकळी पाहिजे. शेजारच्या टॉवरची सावली हिवाळ्यात लांब होते. मे महिन्यात उन्हाने न्हाऊन निघालेली जागा डिसेंबरात दिवसभर अंधारात असू शकते, हे घोडबंदर रोडच्या दाट वस्तीत फार आढळतं. भाजीला किमान चार-पाच तास थेट ऊन लागतं. तेवढं नसेल तर भाजीचा नाद सोडून डेंड्रोबियम ऑर्किड, अँथुरियम, फर्न यांच्याकडे वळावं. आपली दमट हवा त्यांना मनापासून आवडते.

गच्ची सोसायटीची असेल तर कमिटीचा लेखी ठराव घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका, कमिट्या बदलतात. कायमचं पक्कं छप्पर हे बांधकाम धरलं जाऊ शकतं, म्हणून ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयात आणि नवी मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयात आधी विचारून घ्यावं. सिडकोच्या रो हाऊसमध्ये राहणाऱ्यांनीसुद्धा मागचं अंगण स्वतःचं आहे म्हणून हे टाळू नये. नट-बोल्टांनी जोडलेला, उचलून नेता येणारा सांगाडा सगळ्याच दृष्टींनी बरा.

आता वजन. इथे थोडं थांबून हिशेब करायलाच हवा. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार धरतात. आपलं घर ६ फूट बाय ८ फूट, म्हणजे सुमारे साडेचार चौरस मीटर. त्यावर जास्तीत जास्त ६७० किलोंच्या आसपास. १२ इंची ग्रो बॅगेत (झाडं लावायच्या पिशवीत) २० लिटर माध्यम, म्हणजे माती किंवा मातीचं मिश्रण, मावतं. त्यात नुसती लाल माती भरली तर ओली झाल्यावर ती बॅग ३५ किलोंपर्यंत जाते. अशा २० बॅगा झाल्या की ७०० किलो, म्हणजे माणूस आत शिरायच्या आधीच मर्यादा ओलांडली. त्याच बॅगा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्श्याच्या, हलक्या मिश्रणाने भरल्या तर १५ ते २० किलोंवर थांबतात. २०० लिटरचा पाण्याचा ड्रम भरला की एकाच जागी २०० किलो बसतात, तेव्हा तो मधोमध न ठेवता कोपऱ्यात, खाली कॉलम-बीम असेल अशा ठिकाणी ठेवावा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी तशीही करून घ्यावी लागते. तो अहवाल सेक्रेटरींकडून मागून घ्या.

वीस-पंचवीस मजली टॉवरच्या उघड्या गच्चीवर ग्रीनहाऊस करूच नये, असं माझं ठाम मत आहे. तिथला वारा हौशी सांगाड्याच्या आवाक्यातला नाही.

सांगाडा

पहिल्या घरासाठी ६ बाय ८ फूट पुरेसं आहे. मधे दोन फुटांची वाट, दोन्ही बाजूंना बॅगांच्या रांगा. उंची मधोमध ८ फूट, कडेला साडेसहा. उंचीत कंजुषी नको. गरम हवा वर चढते आणि ती झाडांच्या डोक्यावर साचू नये यासाठी वर मोकळी जागा लागते.

पाइप एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, मध्यम जाडीचा, ज्याला दुकानदार बी क्लास म्हणतात. पीव्हीसी पाइपची घरं इंटरनेटवर छान दिसतात, पण आपल्या उन्हात तो पाइप ठिसूळ होतो आणि जाळीच्या ताणाने वाकतो. कोपरी, ऐरोली, कोपरखैरणे, सीवूड्स अशा खाडीलगतच्या भागात खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजतं. गंजाची सुरुवात नेहमी वेल्डिंगच्या जागी होते, कारण वेल्डिंग करताना तिथला जस्ताचा थर जळून जातो. म्हणून जमेल तितके जोड क्लॅम्पचे ठेवा आणि जिथे वेल्डिंग टळणार नाही तिथे लगेच झिंक प्राइमर लावून घ्या. फॅब्रिकेटर ‘नंतर लावतो’ म्हणाला तरी त्याच दिवशी समोर उभं राहून लावून घ्यावं.

पाय रोवण्यासाठी गच्चीला भोकं पाडायची नाहीत. ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गच्चीवर पाणी अडवायला घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, एकदा छेद गेला की पहिल्याच पावसात खालच्या घराच्या छताला ओल येते आणि मग ग्रीनहाऊससकट सगळं काढावं लागतं. चारही पाय काँक्रीट भरलेल्या मोठ्या पत्र्याच्या डब्यांत किंवा साच्यातल्या ठोकळ्यांत उभे करा आणि सांगाडा कठड्याला आतल्या बाजूने, ब्रॅकेट लावून किमान दोन ठिकाणी बांधा.

वाऱ्याचा जोर किती असतो ते समजून घ्या. मुंबई परिसरात बांधकामाचा आराखडा करताना मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी जवळपास १६० किलोमीटर. इतक्या वाऱ्यात साडेचार चौरस मीटरच्या बंद छपराला वर उचलणारा जोर चार-पाचशे किलोंपर्यंत जाऊ शकतो. ठोकळे कितीही जड केले तरी हौशी माणसाने या जोराशी टक्कर घेऊ नये. त्यापेक्षा छपराची प्लॅस्टिकची फिल्म अशी लावावी की दोन माणसांना दहा-पंधरा मिनिटांत ती काढता येईल. ३ जून २०२० ला निसर्ग आणि १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं, दोन्ही पावसाळ्याच्या उंबरठ्यावर. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट वाऱ्यासाठी असेल, तर फिल्म खाली, जाळी गुंडाळलेली आणि टांगलेल्या कुंड्या जमिनीवर. उरलेल्या उघड्या पाइपांतून वारा निघून जातो.

वरचं आवरण : जाळी आणि फिल्म वेगवेगळी

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, आणि प्लॅस्टिक फिल्म ही दोन वेगळ्या ऋतूंची आवरणं आहेत. दोन्ही कायमची लावून ठेवली तर कुठल्याच ऋतूत समाधान नाही.

शेडनेट ३५, ५०, ७५ आणि ९० टक्के अशी मिळते. हा आकडा अडवलेल्या उन्हाचा. भाजीसाठी ५० टक्के घ्या, ऑर्किड-अँथुरियमसाठी ७५. दुकानात गेलात की दाट म्हणजे चांगली असं सांगून ९० टक्केवाली पुढे करतात. ती गाडीवर टाकायला ठीक आहे, तिच्याखाली मिरचीला फूल येणार नाही. चपट्या पट्टीपेक्षा गोल धाग्याची जाळी जास्त टिकते. पांढरी मिळाली तर उत्तम, ती उष्णता परतवते. कडा शिवून आयलेट लावलेली जाळी घ्या म्हणजे हुकांवर टाकता-काढता येते. ती फिल्मच्या वर फूटभर अंतर ठेवून, ताणलेल्या तारेवर बसवावी. मधल्या फटीतून हवा वाहती राहते आणि आत बराच फरक पडतो.

फिल्म २०० मायक्रॉन जाडीची, यूव्ही स्थिर केलेली, म्हणजे उन्हात लवकर न तडकणारी. साधी ताडपत्री किंवा दुकानातलं पारदर्शक प्लॅस्टिक एका उन्हाळ्यात पापडासारखं तडकतं. फिल्म बसवायला पॉलिहाऊसवाले वापरतात ती अॅल्युमिनियमची प्रोफाइल आणि झिगझॅग स्प्रिंग घ्या. स्प्रिंग हाताने उपसली की फिल्म सुटते. फिल्म नेहमी तापलेल्या पाइपाला टेकते त्या रेषेत फाटते, तेव्हा वरच्या पाइपांना पांढरा रंग द्या किंवा पांढरी पट्टी गुंडाळा. छपराला उतार किमान २० ते २५ अंशांचा हवा. फिल्मवर एक चौरस मीटरचं डबकं दोन इंच खोल साचलं तरी ते ५० किलो होतं. मग फिल्म खाली झोळ खाते, डबकं वाढतं, आणि रात्रीत सगळं आत येतं.

बाजूंना प्लॅस्टिक नको. चारही बाजूंना कबुतरजाळी लावा, जी आपल्याकडे प्रत्येक बाल्कनीला असतेच. त्यातून हवा जाते आणि कबुतरं बाहेर राहतात. फक्त पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाजूला, जिथून पावसाची झड येते, गुंडाळता येणारा फिल्मचा पडदा ठेवा. पांढऱ्या माशीसाठी ४० मेशची, म्हणजे अगदी बारीक छिद्रांची, कीटकजाळी सुचवली जाते. माझ्या मते आपल्या दमट हवेत ती संपूर्ण घराला लावू नये, कारण वारा अडतो आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. ती रोपांच्या ट्रेवर छोट्या पेटीसारखी लावावी, तिथे तिचा खरा उपयोग आहे.

येऊरच्या पायथ्याला, उपवन-वसंत विहारच्या बाजूला माकडांपुढे नायलॉनची जाळी टिकत नाही. तिथे वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळीच लागते. नवी मुंबईच्या तळमजल्यावरच्या बागांना त्रास घुशींचा. तिथे अर्धा इंची जाळी जमिनीत फूटभर खोल पुरून मग वर आणायची. शिवाय तिथली जमीन बऱ्याच ठिकाणी भरावाची, खारट किंवा राडारोड्याची असते, त्यामुळे विटा रचून फूटभर उंच वाफे करावेत आणि त्यात बाहेरून आणलेलं मिश्रण भरावं.

माध्यम आणि पाणी

कोकोपीटची पाच किलोंची वीट भिजवली की साधारण ७० लिटर होते. कोकोपीटात क्षार असतात. भिजवून, पिळून, पाणी फेकून देणं दोन-तीनदा करा, पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं. मग कोकोपीट चार भाग, गांडूळखत तीन भाग, चाळलेली माती तीन भाग आणि प्रत्येक बॅगेला एक मूठ निंबोळी पेंड. एक किलो मिश्रणाला दहा ग्रॅमच्या हिशेबाने ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून, ओलसर ठेवून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा. पावसाळ्यात मूळकूज आणि रोपं कोलमडणं यावर ही सगळ्यात स्वस्त तजवीज आहे.

बॅगा थेट कोब्यावर ठेवू नका. खाली विटांचे तुकडे किंवा स्टँड असू द्या, म्हणजे पाणी वाहून जातं आणि मुळं खाली शिरत नाहीत. गच्चीच्या पाणी जायच्या जाळीच्या आजूबाजूला हातभर जागा कायम मोकळी ठेवा आणि तिच्यावर साचलेली पानं दर आठवड्याला काढा.

पाण्याबद्दल नवशिक्यांना एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. जुलैत बाहेर धो-धो पाऊस असतो आणि छपराखालची मिरची तहानेने माना टाकते. पाऊस बघून झारी ठेवून दिली की असं होतं. फिल्म लावली त्या दिवसापासून तो पाऊस तुमच्या झाडांचा राहिला नाही. तर्जनी पहिल्या पेरापर्यंत माध्यमात खुपसा. बोटाला ओल आणि कण चिकटले तर पाणी नको, कोरडं निघालं तर द्या. एप्रिल-मेमध्ये रोज, कधी दोनदा लागेल. ऑगस्टात दोन-तीन दिवसांआड पुरतं. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या. संध्याकाळी भिजलेली पानं आपल्या हवेत रात्रभर ओली राहतात आणि करपा-केवडा या रोगांची सुरुवात तिथून होते.

गावाला जायचं असेल तर कठड्याच्या उंचीवर छोटी टाकी, १६ मिमीची नळी आणि ताशी ४ लिटरचे ड्रिपर एवढ्याने भागतं. गळतं-थांबतं ते बघायला निघण्याआधी दोन दिवस चालवून बघा.

फिल्मच्या कडेला पन्हळ लावली तर पावसाचं पाणीही धरता येतं. १०० मिमी पाऊस झाला की साडेचार चौरस मीटरच्या छपरावरून सुमारे ४५० लिटर पाणी उतरतं. ते ड्रमात घ्या, पण ड्रमाच्या तोंडावर घट्ट कापड बांधलेलंच हवं. डेंगीच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते. कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकामे डबे, उघडी पडलेली घमेली, सगळं आठवड्यातून एकदा कोरडं करायचं. पावसाळ्यात पालिकेची माणसं तपासायला येतात. ती येवोत न येवोत, खालच्या मजल्यावरच्या लहान मुलांचा विचार करून हा एक दिवस चुकवू नये.

वर्षभर काय करायचं

मे महिन्याचा शेवट हा वर्षातला सगळ्यात कामाचा आठवडा. मुंबईत मोसमी पावसाचं आगमन सर्वसाधारणपणे ११ जूनला धरतात, त्याआधी वळीव असतोच. प्रत्येक बोल्ट पान्याने आवळा, गंज खरवडून रंग लावा, पन्हळ साफ करा, फिल्म धुऊन लावा. पाऊस सुरू झाला आणि आकाश कायमचं झाकोळलं की शेडनेट काढून टाका. ढगाळ जुलैत फिल्मवर जाळी ठेवली तर रोपं उजेडाच्या शोधात लांबुळकी, पिवळट आणि लटपटीत होतात.

पावसाळ्यात आत काय लावावं? माठ, अंबाडी, मायाळू, भेंडी, काकडी, मिरची. वेलवर्गीयांसाठी कोकण कृषी विद्यापीठाने आपल्याच हवेत काढलेले वाण आहेत, दोडक्याचा कोकण हरिता, कारल्याचा कोकण तारा. पण जाळीच्या आत मधमाशा फारशा येत नाहीत, तेव्हा परागीभवन हाताने करावं लागतं. मादी फुलाच्या मागे देठाशी बोटाच्या टोकाएवढं फळ आधीच दिसतं, नराच्या मागे नुसता देठ असतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवत फिरवायचा. बोटाला पिवळी भुकटी लागली म्हणजे पराग पिकलेला आहे. काकडी, कारलं, घोसाळं सकाळी करावं. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात. सकाळी त्यांची मिटलेली फुलं बघून अनेक जण हताश होतात. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गच्चीवर जा, फुलं उघडी मिळतील. टोमॅटो-मिरचीला हे लागत नाही. सकाळी दहाच्या आसपास फुलांच्या झुबक्याला टिचकी मारली की पुरे.

आणि आता या घराचा सगळ्यात मोठा फायदा. उघड्यावर बाग करणाऱ्याला हिवाळी भाजीचं बी टाकायला पाऊस जायची वाट बघावी लागते. आपल्याकडून मोसमी पाऊस परततो तो साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमाराला. त्यानंतर पेरून, रोपं करून, लावेपर्यंत नोव्हेंबर उलटतो आणि टोमॅटो धरायला लागतो तोवर ऊन चढायला लागलेलं असतं. टोमॅटोला रात्री थंडावा हवा. रात्रीचं तापमान २४-२५ अंशांच्या वर राहू लागलं की फुलं गळतात. आपल्याला असा थंडावा जेमतेम तीन महिने मिळतो. छपराखाली तुम्ही ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रो ट्रेमध्ये (रोपं करायच्या खणांच्या ट्रेमध्ये) बी टाकू शकता. २५-३० दिवसांत रोप लावणीला येतं आणि पाऊस उघडताना ते जागेवर जाऊन बसलेलं असतं. मी तर म्हणेन, जागा अगदीच कमी असेल तर मोठं घर करूच नका. तीन बाय चार फुटांची, फिल्मच्या छपराची रोपपेटी बनवा. निम्मा लाभ तेवढ्यातही पदरात पडतो.

ऑक्टोबरात पाऊस गेला की फिल्म उतरवा, धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून ठेवा. वर्षभर उन्हात राहिलेली फिल्म साधारण तीन वर्षं चालते. चारच महिने वापरलेली आणखी पुढे जाते. ऑक्टोबरचं ऊन नुकत्या लावलेल्या रोपांना झेपत नाही, तेव्हा जाळी पुन्हा चढवा आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फारसं काही करावं लागत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, कोबी, सगळं येतं. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाकी करून टाकायचे एवढंच. मार्च लागला की जाळी पुन्हा वर.

खताचं म्हणाल तर हलक्या मिश्रणातून अन्नद्रव्यं पाण्याबरोबर लवकर वाहून जातात, म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बॅगेला मूठभर गांडूळखत. टोमॅटोची टोकं काळी पडून कुजायला लागली तर लगेच औषध शोधू नका. बहुतेकदा पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस अजिबात नाही, असं झालेलं असतं. त्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही.

कीड

रोज पाच मिनिटं पानं उलटी करून बघणं यासारखा उपाय नाही. पांढरी माशी, मावा, लाल कोळी, सगळे पानाच्या खालच्या बाजूला असतात. कोळी डोळ्यांना नीट दिसत नाही. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर पडलेले लालसर ठिपके चालायला लागले तर तो कोळी. तो कोरड्या उन्हाळ्यात येतो आणि पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दिला की बराचसा निघून जातो. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांना निळे. पिठ्या ढेकणाचा पहिला पांढरा पुंजका दिसेल तेव्हाच जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, आणि त्याच खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा, कारण त्याला झाडभर नेऊन पसरवतात त्या मुंग्याच. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात साबणाचे काही थेंब, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारायचं. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी भिंतीवरून पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंतही चढतात आणि एका रात्रीत ट्रेमधली सगळी रोपं फस्त करतात. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन शोधा, हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्याच्या डब्यात टाका. त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, म्हणून उघड्या हाताने धरू नका आणि त्या दिवसांत पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून नीट धुऊन घ्या.

बुरशीवर खरा इलाज वाऱ्याचा. पावसाळ्यात सकाळी फिल्मच्या आतल्या बाजूला थेंब लटकलेले दिसले, तर आत दमटपणा कोंडला आहे असं समजा. पडदा गुंडाळा, बॅगांमधलं अंतर वाढवा, टोमॅटो-भेंडीची खालची पानं काढा. रोगट पानं कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, ओल्या कचऱ्यात द्या. एखादं झाड उभ्या उभ्या सुकलं आणि मुळं तपकिरी, मऊ निघाली, तर झाडासकट त्या बॅगेतलं सगळं माध्यम काढून टाका. रिकामी बॅग धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच नवं मिश्रण भरा.